चिंचेनं घासलेले पत्रे

"असला चहा पाजण्यापरीस तोंडात गंजका खिळा दिला असता चघळायला, तरी चाललं असतं," सुकन्या पुटपुटली.

स्टोच्या आवाजात ते कुणाला ऐकू जाणार नाही असं तिला वाटलं असावं. पण हातभर अंतरावर, उंबऱ्याला टेकून सिंधुबाई हुलगे निवडत बसली होती. आणि सुनेचं पुटपुटणं सासूला ऐकू जाणार नाही असं घर इंदापुरात अजून कुणी बांधलेलं नाही.

सिंधुबाईनं मान वर केली नाही. आपल्या वाटणीचा चहा तिनं मघाशीच मोरीत ओतला होता. चव तिलाही कळली होती. जीभ आखडून यावी अशी तुरट, आणि वर पातळसा तेलकट तवंग. दिसायला सायीसारखा, पण बोटानं उचलायला गेलं की हाती काही लागायचं नाही.

आठ दिवसांमागं सुकन्याला पहिली उलटी झाली तेव्हा सिंधुबाईनं बोटांवर महिने मोजले होते, आणि कुणाला न सांगता देवापुढं भंडाऱ्याची चिमूट ठेवली होती. दुसऱ्या दिवशी तिच्या नवऱ्याला, शंभूराजला उलटी झाली. तिसऱ्या दिवशी भिंतीपलीकडच्या बापूसाहेबांना झाली. आणि बापूसाहेब काही गरोदर नव्हते.

खरं तर सगळ्यांच्या आधी शेळीला कळलं होतं. सासऱ्याची दोनशे मेंढरं गेली, वाडे मोडले, पोरगा कारखान्यात लागला, पण सिंधुबाईनं दारात दोन शेळ्या ठेवल्या होत्या. त्या नसल्या तर सकाळी कुणावर ओरडायचं हा प्रश्न होता. त्यातल्या थोरलीनं घमेल्यातलं पाणी हुंगलं, वरचा ओठ उचलला आणि तोंड फिरवलं. जनावरानं पाण्याला पाठ केली की माणसानं काय समजायचं, हे मेंढक्याच्या सुनेला शिकवावं लागत नाही. सिंधुबाई समजली. समजली, आणि गप्प बसली.

गप्प बसण्याला कारण होतं. ते डोक्यावर होतं, उन्हात चमकत होतं.

विहीर चार घरांची. बारामती रस्त्यावरून आत वळलं की ही आळी. नगरपालिकेचा नळ दिवसाआड अर्धा तास गुरगुरायचा आणि तांब्याभर थुंकून बंद व्हायचा, त्यामुळं प्यायला, धुवायला, जनावरांना सगळं विहिरीचंच. विहीर बापूसाहेबांच्या वडिलांनी खोदलेली. त्यांनी पुढं जागा विकल्या तेव्हा प्रत्येक खरेदीखतात विहिरीचा हिस्सा लिहून दिला. एक हिस्सा सिंधुबाईच्या घराला, एक झुंबरअण्णाला, आणि कोपऱ्यातली जागा ज्यानं घेतली तो मध्येच सोलापूरला निघून गेला. जाताना त्यानं जागा विकली ती ज्ञानदेव गुरुजी आणि त्यांची बायको करुणा यांना. विकत घेणारे बौद्ध आहेत हे आळीला सामानाच्या टेंपोतून बाबासाहेबांचा फोटो उतरला तेव्हा कळलं. तोवर कागद झाले होते.

त्याला नऊ वर्षं झाली. नऊ वर्षांत कुणी काही म्हटलं नाही. आळी सभ्य होती. फक्त करुणाची बादली विहिरीत पडून वर आली की झुंबरअण्णाची बायको आपली भरलेली घागर ओतून पुन्हा भरायची. तेही हसून. "केर हुता बाई घागरीत." नऊ वर्षं तिच्या घागरीत केर होता.

दोन वर्षांमागं गुरुजींनी शेतीच्या मासिकात काहीतरी वाचलं आणि आपल्या स्लॅबवरचं पावसाचं पाणी पाइपानं खाली आणलं. विहिरीशेजारी कमरेइतका खड्डा, त्यात दगड, खडी, वाळू आणि कोळसा, आणि खड्ड्यातून पाणी विहिरीत. खड्डा खणताना बापूसाहेब खुर्ची टाकून बघत होते आणि मास्तरला घाम येतोय याचं त्यांना बरं वाटत होतं. पुढच्या मे महिन्यात विहीर आटली नाही. आळीनं पाण्याची तारीफ केली. गुरुजींची करायचं राहून गेलं.

म्हणूनच यंदा शंभूराजनं आपण होऊन म्हटलं होतं, "गुरुजी, आमच्याबी छपराचा पाइप जोडून घ्या त्यात."

शंभूराज सिंधुबाईचा एकुलता एक. बारामतीच्या एमआयडीसीत फिटर, रोज मोटारसायकलवर ये-जा. त्याच्या कारखान्याला लागून एक जुनी शेड पाडायला काढली होती. तिथं वीस वर्षं नटबोल्टांना, कड्याकोयंड्यांना जस्ताचा मुलामा द्यायचे. शेडचे पत्रे भंगारवाल्याच्या हाती जायच्या आत शंभूराजनं टेंपोत घातले. पत्रे जाड होते, भोकं कमी होती, पण रूप बघवत नव्हतं. आतून पांढरी बुरशी चढल्यासारखी भुकटी, मध्येमध्ये हिरवट डाग, कडांना काजळी. भाद्रपदात ते घरावर चढले. बापूसाहेबांनी खालून मान वर करून बघितलं.

"शंभू, पत्रं आनलीस का कुणाची गोधडी?"

शंभूराज हसला. सिंधुबाईला हसू आलं नाही. ते वाक्य तिच्या दाताखाली खड्यासारखं दोन दिवस राहिलं. तिसऱ्या दिवशी तिनं माळ्यावरचं चिंचेचं गाडगं काढलं, दोन पराती चिंच भिजत घातली आणि शिडी लावली.

तांब्यापितळेला काय लावतात? चिंच. मग पत्र्यानं काय घोडं मारलंय? पदर खोचून, नारळाचा काथ्या हातात घेऊन पंचावन्न वर्षांची सिंधुबाई छपरावर चढली आणि तीन दिवस घासत राहिली. सुकन्या खालून बादल्या देत होती. शिडी झुंबरअण्णानं धरली होती. चिंचेचं पाणी पत्र्यावर ओतलं की बारीक फेस यायचा आणि राखाडी रंगाचा ओघळ पन्हाळीत उतरायचा. पन्हाळीतून पाइपात, पाइपातून खड्ड्यात, आणि पुढं.

शाळेतून येताना गुरुजींनी ते बघितलं. "सिंधुमावशी, ते पाणी पाइपात जाऊ देऊ नका. खालचा बेंड फिरवा, बाहेर पडू द्या. आणि पहिले दोन पाऊससुद्धा बाहेरच जाऊ द्या."

बेंड फिरवला की पाणी बापूसाहेबांच्या भिंतीवर जायचं. बापूसाहेब तिथंच होते. "माझ्या भिताडावर कुनाची घान नको," ते म्हणाले.

"मास्तर, चिंच हाय ही," सिंधुबाई वरून म्हणाली, "ढेकनाचं औषीद न्हाय. तुमच्या आमटीत पडती ती."

सगळी आळी हसली. गुरुजी घरात गेले. बेंड होता तिथंच राहिला.

पत्रे असे निघाले की त्यात ढग दिसावेत. बापूसाहेबांच्या बायकोनं खास येऊन बघितलं आणि "आरसाच की गं" म्हणाली. चार दिवस सिंधुबाई मान जरा वर करूनच चालत होती. मग हस्ताचा पाऊस लागला. तीन दिवस घुसळून काढलं. विहिरीला हातभर पाणी वाढलं, आणि ते ताकाच्या निवळीसारखं धुरकट झालं.

उलट्या सुरू झाल्यावर बापूसाहेबांना कारण शोधायला वेळ लागला नाही. ते पायापाशीच होतं. "मास्तराच्या पायपातनं घान आली. खड्ड्यात काय टाकलंय कुनाला म्हाईत."

झुंबरअण्णा म्हणाला, "कोळसं टाकल्यात म्हनं. कसलं कोळसं, कुठलं कोळसं, आपुन कुठं बघितलंय?"

तो खड्डा भरताना त्यानं स्वतः कोळशाचं पोतं धरलं होतं. पण माणसाची नजर सोयीची असते. पाहिजे तेव्हा दिसतं.

सिंधुबाई ऐकत राहिली. चिंचेचा च कुणी काढत नव्हतं. शिडी धरणारा काढत नव्हता, भिंत जपणारा काढत नव्हता, आरसा म्हणणारी काढत नव्हती. जेवताना तिनं शंभूराजपुढं विषय काढून बघितला.

"त्या पत्र्याचंच असंल का रं?"

शंभूराजनं घास थांबवला. त्या शेडमध्ये ती भुकटी हातमोजे घातल्याशिवाय कुणी झाडत नसे, हे त्याला ठाऊक होतं. "आई, पत्र्याचं नाव काढू नगंस. नाव निघालं तर उतरवायला लावत्याल. दिवाळीच्या तोंडावर उघड्यावर बसायचं का?"

"आन् मास्तर?"

"मास्तराचं मास्तर बघत्याल. शिकलेली मानसं हायती. त्येंना कोन काय करतंय."

सुकन्या ताटात बघत होती. तिनं भात कालवला आणि तसाच ठेवला.

शनिवारी दुपारी करुणा दारात उभी राहिली. ती बारामतीच्या एका दूध संघाच्या प्रयोगशाळेत कामाला होती. दुधात पाणी किती हे ती रोज बघायची. यावेळी पाण्यात काय आहे ते बघायला तिनं विहिरीची बाटली भरून नेली होती. तिच्याकडं ती तपासणी होत नव्हती, पण तिच्या साहेबांनी पुण्याला पाठवून करून आणली. हातात तो कागद होता. चपला तिनं काढल्या नाहीत.

"मावशी, जस्त निघालंय पाण्यात. प्यायच्या पाण्यात असावं त्याच्या कितीतरी पट. अजून एकदोन निघालंय, ते मुलाम्याच्या कामातलं आहे."

"मला काय कळतंय त्यातलं," सिंधुबाई म्हणाली. "मी न्हाय शाळंत गेल्याली."

"जस्ताच्या मुलाम्याची बादली शाळेत जाऊन कळते का? आमच्या घराला सिमेंटचा स्लॅब. पाइप प्लास्टिकचा. खड्ड्यात वाळू. जस्त कुठून येईल?"

"उंद्या बैठक हाय हिरीवर. तितं इचार."

"तिथं मी पत्र्याचं नाव घेतलं तर काय म्हणतील, तुम्हाला माहीत आहे. आपलं पाप दुसऱ्याच्या घरावर ढकलतात म्हणतील. म्हणून मी नाही घेणार. तुम्ही घ्या."

"आन् न्हाय घेतलं तर?"

"नका घेऊ." करुणानं कागदाची घडी केली. तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर सिंधुबाईला भांडता आलं असतं. "बापूसाहेब उद्या आमचा पाइप तोडणार, ते ठरलंय. विहिरीवरचं आमचं येणंही तोडणार, तेही ठरलंय. आम्ही कसंही भागवू. पण तुमची सून तेच पाणी पिते. पाइप काढला तरी पत्र्यावरचं पाणी अंगणात पडून मुरणार, आणि मुरून जाणार कुठं?"

माणूस दारात आलं की जे तोंडातून निघतं तेच सिंधुबाईच्या तोंडून निघालं. "च्या टाकू का?"

नऊ वर्षांत तिनं करुणाला पहिल्यांदा चहा विचारला होता, आणि तोही चुकून.

"कुठल्या पाण्याचा?" करुणा म्हणाली, आणि गेली.

रविवारी सकाळी विहिरीवर बैठक बसली. बैठक म्हणजे बापूसाहेब खुर्चीवर आणि बाकीचे उभे. गुरुजी इस्त्रीचा शर्ट घालून आले होते, जणू तपासणी अधिकारी येणार आहे. करुणा त्यांच्या शेजारी. शंभूराज मोटारसायकलला टेकून. झुंबरअण्णाची बायको लांब, पण ऐकू येईल इतकीच लांब.

"भांडायचं न्हाय," बापूसाहेबांनी सुरुवात केली, म्हणजे भांडण पक्कं झालं. "मास्तरांनी चांगल्या मनानं केलं, पर वंगाळ झालं. मानसं आजारी पडली. तवा पायप काढायचा. आन् मास्तरांनी आपली येगळी सोय करावी. बोर घ्या, काय घ्या."

"आमचा हिस्सा खरेदीखतात आहे," गुरुजी म्हणाले.

"कागुद कोन नाकारतंय? हिस्सा ऱ्हाऊ द्या तुमचा. पानी काय आमी तोडत न्हाय. झुंबर रोज दोन हंडं तुमच्या दारात आनून वाढील. तुमी हितवर यायचं काम न्हाय. उलट तरास वाचला तुमचा."

"वाढील," गुरुजी म्हणाले. "माझ्या आईनं विहिरीपासून लांब बसून वरून ओतलेलं पाणी घेतलंय, बापूसाहेब. आमच्या गावी, कोऱ्हाळ्याला, माझ्या डोळ्यादेखत. त्यालाही लोक वाढणंच म्हणायचे."

"आता ह्ये जुनं कशाला उकरताय? आमी तब्बेतीचं बोलतोय."

करुणानं कागद उघडला आणि वाचला. मराठी करून, सावकाश. जस्त या शब्दाला तिनं थांबून सगळ्यांकडं बघितलं. कुणी जमिनीकडं बघत होतं, कुणी रहाटाकडं. वर कुणीच बघत नव्हतं, आणि वर तर पत्रे असे चमकत होते की डोळे मिटावे लागावेत.

"रिपोट तुमचा, शाई तुमची, हापिस तुमचं," झुंबरअण्णा म्हणाला. "त्यात आमचं नाव चांगलं कशाला निघंल?"

"नाव कुणाचंच नाही त्यात," करुणा म्हणाली. "जस्ताचं आहे."

"मग जस्त पायपातनं आलं," बापूसाहेब म्हणाले. "इषय संपला. शंभू, पाना आन."

शंभूराज मोटारसायकलच्या डिकीकडं वळला. त्यानं पाना काढला आणि पाइपाच्या सांध्यापाशी गुडघा टेकला. करुणानं सिंधुबाईकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर, सिंधुबाईला नंतर वाटलं, मी आणखी एक दिवस गप्प राहिले असते. न बघणं सोसवेना.

"शंभ्या, त्यो पाना ठेव," ती म्हणाली.

"आई, तू घरात जा."

"ठेव म्हनते." ती पुढं आली. तिनं विहिरीच्या कठड्यावर हात ठेवला. "जस्त पत्र्याचं हाय. पत्रा माजा हाय. त्यो कारखान्यातला घान पत्रा, त्याला मी तीन दिस चिंच घासली. जस्त समदं खरवडून हिरीत घातलं. झुंबरअण्णा, शिडी तुमी धरली हुती. बापूसाहेब, बेंड फिरवू नका म्हनून तुमी म्हनालात. मास्तरांनी सांगितलेलं, मीच हसले त्येंना."

शंभूराज पाना हातात घेऊन तसाच बसून राहिला. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. झुंबरअण्णाची बायको पदर तोंडाला लावून एकाएकी शेळ्यांकडं बघायला लागली.

सिंधुबाईला हलकं वाटलं. काटा निघाल्यावर वाटतं तसं. तिला वाटलं, झालं, आता हे उठतील, पत्रे उतरवायचं बघतील, विहीर उपसायचं बघतील.

बापूसाहेबांनी खाकरून घसा साफ केला. ते रागावले नव्हते. उलट त्यांचा चेहरा मोकळा झाला होता.

"बरं झालं सिंधू, मन मोकळं केलंस. चुकतंय मानूस. पत्रं शंभू उतरवील, रंग मारील, फिरून चढवील. मी दोन गडी देतो. हीर उपसून घिऊ. आपल्यातलं हाय, आपुन निस्तरू." त्यांनी गुडघ्यांवर हात टेकले. "पर आता इषय निघालाच हाय, बैठक बसलीच हाय, तर मास्तरांचं येगळं करूनच टाकू. उगा रोज रोज कुरबूर नको. काय झुंबर?"

"त्येच मी म्हनतो," झुंबरअण्णा म्हणाला.

शंभूराजनं आईकडं बघितलं, बापूसाहेबांकडं बघितलं, आणि पाना पुन्हा सांध्याला लावला.

गुरुजी हसले. त्या हसण्यात नवल नव्हतं, हे सिंधुबाईला सगळ्यात जास्त लागलं. करुणा कागद पर्समध्ये ठेवत होती, नीट, कडांना कडा जुळवून. दोघांनाही हे आधीच माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त तिलाच, छपरावर चढून तीन दिवस घासणाऱ्या शहाणीला.

"म्हंजी जस्त गेलं तरी मास्तर गेलंच पायजेत," ती म्हणाली.

"सिंधू, आता तू उगा फाटं फोडू नगंस."

"फाटं न्हाय. मी नीट इचारते. पानी घान कुनी केलं, तर मी. मला दोन गडी देताय. आन् ज्येंनी कायबी केलं न्हाय, त्येंना दारात हंडं वाढताय. ह्ये कसं काय?"

"आगं, तुजी गोष्ट येगळी."

"कशी येगळी? सांगा की. नऊ वर्सं कोन सांगत न्हाय. घागरीत केर हाय म्हनतंय, तब्बेत म्हनतंय, कुरबूर म्हनतंय."

बापूसाहेब खुर्चीतून उठले. "चल शंभू, खोल त्यो पायप."

शंभूराजनं पाना ओढला. सांधा करकरला. सिंधुबाई कठड्यावरचा हात काढून सरळ उभी राहिली. तिनं आवाज चढवला नाही. ती करुणासारखंच बोलली, सावकाश, सगळ्यांना नीट ऐकू जाईल असं.

"ती बौद्ध हायती म्हनून तुमाला नकोत, बापूसाहेब. पानी चांगलं असतं तरी नकोच हुती. आन् मलाबी नको हुती, म्हनून तर मी आठ दिस सुखानं गप बसले."